८५३१ उघडलं, ८५३० ला कुलूप घातलं आणि तीन रात्री वाया

मंडळी, दुकानातल्या मशीनवर विंडोज अपडेटचं डाउनलोड तीन रात्री शून्य टक्क्यांवर अडकलं होतं, तो मुक्काम एकदाचा हलला. काल रात्री सव्वाअकराला दुकानातल्या तीन नंबरच्या मशीनवर 'डाउनलोडिंग ०%' चं ७ झालं, मग १२, आणि मी रिकाम्या दुकानात एकट्यानेच टाळी वाजवली. वरून वहिनींचा आवाज आला, "भाऊजी, आतातरी जेवून घ्या, आमटी तिसऱ्यांदा गरम केलीय."

मांडणी जुनीच. घर सांगलीच्या विश्रामबागेत. वरच्या खोलीत माझी लॅब: प्रॉक्समॉक्सवर (एका पेटीत अनेक आभासी मशीन चालवणारी प्रणाली) विंडोज सर्व्हर २०२२, त्यात डब्ल्यूसस, म्हणजे विंडोजचे अपडेट एकदाच उतरवून घरच्या मशीनना वाटणारी मायक्रोसॉफ्टची सेवा. खाली दादाचं झेरॉक्स, टायपिंग आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान, त्यात सहा मशीन. लॅब व्हीलॅन १० वर, दुकान व्हीलॅन २० वर (एकाच जाळ्याचे दोन वेगळे कप्पे), मधे ऑप्नसेन्स हा फायरवॉल. डोमेन नाही, लोकल पॉलिसीतच डब्ल्यूससचा पत्ता घातलेला.

चालू गाडीला हात का लावला? २०२५ च्या ऑक्टोबरात डब्ल्यूससमधलं ते भगदाड बाहेर आलं, सीव्हीई-२०२५-५९२८७. लॉगिन न करताच सर्व्हरवर कोड चालवता येत होता. मायक्रोसॉफ्टने २३ ऑक्टोबरला वेळापत्रक सोडून पॅच काढला, आणि तो बसेपर्यंत तात्पुरता उतारा म्हणून सर्व्हरच्या फायरवॉलवर डब्ल्यूससचे दोन्ही पोर्ट, साध्या एचटीटीपीचा ८५३० आणि एचटीटीपीएसचा ८५३१, बंद ठेवायला सांगितलं. पॅच तेव्हाच मारला होता. पण दुकान आणि लॅबमधला माझा नियम अजून 'एनी टू एनी', म्हणजे कुठूनही कुठेही मोकळा, होता, आणि त्या दुकानात रोज पन्नास पोरं आपापले पेनड्राइव्ह खुपसतात! म्हणून डब्ल्यूससवर एसएसएल, म्हणजे सांकेतिक एचटीटीपीएस, लावायचं लांबलेलं काम हातात घेतलं.

ते झालंही झकास. घरच्या सीएचं (सर्टिफिकेट देणाऱ्या माझ्याच यंत्रणेचं) सर्टिफिकेट सहाही मशीनच्या ट्रस्टेड रूटमध्ये, आयआयएस या वेब सर्व्हरमध्ये पाच व्हर्च्युअल डिरेक्टरींना एसएसएल सक्तीचं, मग डब्ल्यूससयुटिलचं कॉन्फिगरएसएसएल, आणि पॉलिसीत आयपीऐवजी सर्व्हरचं नाव व पुढे ८५३१. मग ऑप्नसेन्सवर दुकानासाठी फक्त ८५३१ उघडं ठेवून ८५३० ला कुलूप. एचटीटीपीचं दार कशाला ठेवायचं, म्हटलं. इथेच माती खाल्ली, पण कळायला तीन रात्री लागल्या.

कारण दिसायला सगळं हिरवंगार. मशीन कन्सोलमध्ये येतायत, स्कॅन होतंय, कोणाला किती अपडेट हवेत तेही कळतंय. पोर्ट उघडा आहे का बघणारं टेस्ट-नेटकनेक्शन ८५३१ ला 'ट्रू' म्हणतंय. ब्राउझरमध्ये क्लायंटवेबसर्व्हिसचं पान कुरकुर न करता उघडतंय. डाउनलोड तेवढं शून्यावर. दादा सकाळी दुकान उघडून म्हणाला, "ते कालपासनं शून्यावरच बसलंय की रे. माझ्याकडं फॉर्म भरायला रांग लागलीय, मशीन अडकवून ठेवू नकोस."

पहिली रात्र सर्टिफिकेटवर गेली. नाव जुळतंय का, तारीख बरोबर आहे का, दोनदा काढून घातलं. व्यर्थ. खरं तर स्कॅन होत होतं तिथेच सर्टिफिकेट निर्दोष सुटलं होतं.

दुसरी रात्र डब्ल्यूससपूलवर, म्हणजे आयआयएसमध्ये डब्ल्यूसस ज्यात चालतं त्या प्रोसेसवर. प्रायव्हेट मेमरी लिमिट मुळात १८,४३,२०० केबी असते, ती शून्य केली, म्हणजे मर्यादाच काढली. कन्सोल पूर्वीपेक्षा बरा चालतो, हा या भानगडीतला फुकटचा नफा. ज्यांनी अजून केलं नसेल त्यांनी आजच करून टाका.

तिसऱ्या रात्री मी केबल बदलत होतो, यावरून माझी अवस्था ओळखा. तेवढ्यात बोलून घेतो: कॅट-६ लिहिलेली स्वस्तातली केबल घेऊ नका. मी घेतलेली सोलली तर आत तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. दुकानदाराचं नाव घेत नाही, पण पुढची पेटी मी सुरीने टोक खरवडून बघितल्याशिवाय घेणार नाही.

शेवटी पॉवरशेलमध्ये गेट-विंडोजअपडेटलॉग चालवलं आणि डेस्कटॉपवर आलेली फाइल वरून खाली वाचत बसलो. स्कॅनच्या ओळी ८५३१ च्या. आणि डाउनलोडच्या ओळीत माझ्याच सर्व्हरचं नाव, पुढे ८५३०, मग कंटेंट, दोन अक्षरांचा फोल्डर आणि चाळीस अक्षरांचं फाइलचं नाव. मी पॉलिसीत ८५३० कुठेच लिहिलेलं नाही! ऑप्नसेन्सचा लाइव्ह लॉग उघडला, तर लाल ओळींची माळ. व्हीलॅन २० मधून सर्व्हरच्या ८५३० ला धडका, सगळ्या माझ्याच नियमाने अडवलेल्या.

म्हणजे डब्ल्यूससचं एसएसएल दोन पायांवर चालतं. कोणते अपडेट, कोणाला, फाइलचा हॅश (फाइलवरून काढलेला ठसा) काय, हा हिशोब एचटीटीपीएसने जातो. फाइल मात्र साध्या एचटीटीपीनेच उतरते. फाइल कोणी वाटेत बदलली तर हॅश जुळणार नाही, मशीन ती घेणारच नाही. शिवाय मायक्रोसॉफ्टची सही असतेच. ते चाळीस अक्षरांचं नावसुद्धा हॅशच आहे, आणि फोल्डरची दोन अक्षरं म्हणजे त्या हॅशचं शेपूट. एसएसएल सक्तीच्या पाच डिरेक्टरींत फाइल ठेवणारं कंटेंट नव्हतं. टिकमार्क मी माझ्या हाताने केले होते, तेव्हा ते का वगळलंय हे मात्र सुचलं नाही.

यातच दिवाळीतल्या त्या फसलेल्या प्रयोगाचंही उत्तर मिळालं. आठवतंय ना, मी हुशारीने एचटीटीपीएस ९४४३ वर नेलं होतं आणि नंतर वैतागून सगळं मागे घेतलं? तर नियम असा आहे: ४४३ सोडून दुसरा पोर्ट घेतला, की साध्या एचटीटीपीचा पोर्ट त्याच्या आधीचाच आकडा हवा. ८५३१ तर ८५३०. ९४४३ तर ९४४२. मी एचटीटीपी ८५३० वरच ठेवलं होतं. बिचाऱ्या मशीन ९४४२ चं दार वाजवत होत्या, जिथे कोणी राहतच नव्हतं.

आता नियम असा: दुकानातल्या सहा आयपींकडून सर्व्हरच्या ८५३० आणि ८५३१ ला परवानगी, व्हीलॅन २० मधून लॅबकडे बाकी सगळं बंद. सर्व्हरला बाहेर मायक्रोसॉफ्टकडे ८० आणि ४४३. सहा आयपींचा एक एलियस (एका नावाखालची यादी) केलाय, म्हणजे मशीन बदलली तरी नियमाला हात लावायचा नाही. ऑप्नसेन्समधली मला सगळ्यात आवडणारी सोय हीच.

पुढचा बेत दुकानात एक छोटा डाउनस्ट्रीम सर्व्हर, म्हणजे वरच्या डब्ल्यूससकडून घेऊन पुढे वाटणारा दुसरा डब्ल्यूसस, बसवायचा होता, त्यासाठी जुना मिनी पीसीही बघून ठेवला होता. पण हे लिहिता लिहिता वाटतंय, सहा मशीनसाठी हा थाट कशाला? विंडोजमधलं डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन आहेच. एका मशीनने उतरवलेलं बाकीच्यांनी टीसीपी ७६८० वरून वाटून घ्यायचं, तेही एकाच सबनेटमध्ये, म्हणजे ऑप्नसेन्सला कळायचंही नाही. फक्त शेजारी कोण आहेत हे विचारायला प्रत्येक मशीनला बाहेर ४४३ लागेल, आणि ते दुकानात उघडं आहेच. शिवाय डब्ल्यूससमध्ये नवं काही येणार नाही हे मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२४ मध्येच सांगितलंय, तर त्यावर आणखी मजला चढवण्यात मन रमत नाही. मिनी पीसी रद्द. वहिनींना अजून सांगितलेलं नाही, नाहीतर ते पैसे मिक्सरकडे वळतील.

एक खुसपट उरलंय. कन्सोलमध्ये सहाऐवजी पाचच मशीन दिसतात. चार आणि पाच नंबर मी एकाच इमेजवरून क्लोन केल्या होत्या, दोघींचा ससक्लायंटआयडी (डब्ल्यूसस मशीन ज्यावरून ओळखतं तो क्रमांक) एकच, त्यामुळे एक आली की दुसरी गायब. रजिस्ट्रीतून तो उडवला की नवा तयार होतो, दहा मिनिटांचं काम.

आज नऊला शटर खाली आलं की ७६८० ला हात घालतो. वाटप करायला मशीनमध्ये किमान ४ जीबी रॅम लागते आणि दादाच्या दोन मशीन नेमक्या त्या काठावर आहेत. कोणाकडे डीडीआर३ च्या डेस्कटॉपच्या पट्ट्या पडून असतील तर सांगा, सांगलीत आणून द्या म्हणणार होतो, पण मिरज-कुपवाडपर्यंत मीच येतो.