लाल झालेली टेस्ट मी वाचली नाही

डिसेंबरातली संध्याकाळ. जिनिंगच्या आवारात कापसाच्या गाड्या रांगेत उभ्या होत्या आणि ऑफिसात दिवाणजी काकांनी कॉम्प्युटरची स्क्रीन माझ्याकडे वळवली. "हे काय होय माय? हा माणूस आपल्याले एक्कावन हजार देणं लागते म्हणून दाखवून राह्यलं. याचेच पैसे आपल्याकडं निघतात नं!"

काकांचं बरोबर होतं. आकडे मी इथे बदललेत, पण हिशेबाची जात तीच. तीन गाड्या कापूस: ८.४०, ११.२० आणि ६.९० क्विंटल, म्हणजे २६.५०. दर २०२४-२५चा लांब धाग्याचा हमीभाव, ७५२१ रुपये. झाले १,९९,३०६ रुपये ५० पैसे. चुकारे दोनदा दिलेले, एक लाख आणि पन्नास हजार. जिनिंगकडे त्याचे ४९,३०६ रुपये ५० पैसे बाकी. मी जिनिंगसाठी लिहिलेल्या प्रोग्रॅमची यादी मात्र ५३ क्विंटल कापूस आणि साडेचार लाखांचे चुकारे दाखवत होती. ३,९८,६१३ मधून साडेचार लाख गेले, म्हणून शेतकऱ्याच्या नावावर ५१,३८७ रुपये चढले.

माझे बाबाही कापूसच लावतात. चुकाऱ्याच्या दिवशी घरात काय वातावरण असतं ते मी लहानपणापासून पाहिलंय, त्यामुळे तो आकडा पाहून माझ्या पोटात खड्डा पडला. यादी कोणाच्या हाती जायच्या आत काकांनी पकडली, हे नशीब.

चूक कुठे होती? प्रोग्रॅम जँगोत, म्हणजे पायथन भाषेतल्या एका वेब फ्रेमवर्कमध्ये, लिहिलाय. त्यात शेतकऱ्यांच्या यादीवर ॲनोटेट (प्रत्येक ओळीला हिशेबाचा रकाना जोडणारी सूचना) लावून गाड्यांच्या वजनाची बेरीज मी आधीच घेत होते. ती महिनाभर बिनचूक चालली. मग काकांना त्याच यादीत दिलेले चुकारे हवे होते, म्हणून मी त्याच ॲनोटेटमध्ये दुसरी बेरीज जोडली. एक ओळ. पायथनमध्ये वाचली तर कोणालाही बरोबरच वाटेल. खाली एसक्यूएलमध्ये, म्हणजे डेटाबेसला विचारायच्या भाषेत, मात्र शेतकऱ्याला गाड्यांचं टेबल जोडलं गेलं आणि त्यावर चुकाऱ्यांचंही. तीन गाड्या गुणिले दोन चुकारे, सहा ओळी. प्रत्येक वजन दोनदा मोजलं गेलं, प्रत्येक चुकारा तीनदा. जँगोच्या दस्तऐवजात हा धोका स्पष्ट लिहिलेला आहे. ओआरएम, म्हणजे पायथनच्या ओळींवरून एसक्यूएल आपोआप बनवणारा भाग, वापरताना एसक्यूएल डोळ्यांसमोर नसते, हीच त्याची सोय आणि हीच त्याची जोखीम.

आणि मला सगळ्यात जास्त लागलं ते पुढचं. या कोडला माझ्या स्नॅपशॉट टेस्ट होत्या.

स्नॅपशॉट म्हणजे काट्यावरच्या पावतीची कार्बन प्रत समजा. कोड एकदा चालवायचा, जे बाहेर येईल ते फाइलमध्ये जपून ठेवायचं आणि पुढच्या वेळी नवीन पावती जुनीशी ताडून बघायची. टेस्ट चालवायला मी पायटेस्ट वापरते आणि या प्रती जपायला त्यासोबत सिरपी. प्रत्येक यादीच्या दोन प्रती ठेवते: एक निकालाची, दुसरी त्यामागे धावलेल्या एसक्यूएलची. जँगोच्या कॅप्चरक्वेरीजकॉन्टेक्स्ट या सोयीमधून ती एसक्यूएल जशीच्या तशी मिळते.

त्या दिवशी निकालाच्या स्नॅपशॉटमध्ये चुकाऱ्याचा नवा रकाना आला आणि आकडे बरोबर होते. कारण माझ्या टेस्टमधल्या शेतकऱ्याची एकच गाडी होती आणि एकच चुकारा. एक गुणिले एक. एसक्यूएलचा स्नॅपशॉटही लाल झाला होता, म्हणजे जुन्या प्रतीशी जुळत नव्हता. जिथे एक लेफ्ट आउटर जॉइन (टेबलाला टेबल जोडण्याची सूचना) होता तिथे दोन झाले होते, ढळढळीत. मी स्वतः कोड बदललाय म्हणजे एसक्यूएल बदलणारच, असं म्हणून मी न वाचता जुन्या प्रतीच्या जागी नवी ठेवणारं स्नॅपशॉट-अपडेट चालवलं. चुकीची क्वेरी त्या क्षणापासून 'बरोबर'ची प्रत झाली.

दुरुस्ती छोटी होती. दोन्ही बेरजा वेगवेगळ्या सबक्वेरीत (क्वेरीच्या आतली क्वेरी), आउटररेफने त्या त्या शेतकऱ्याला बांधलेल्या. कोणी सुचवेल की बेरजेला डिस्टिंक्ट लावा, म्हणजे सारखा आकडा एकदाच मोजला जाईल. ते इथे करू नका. एकाच शेतकऱ्याच्या दोन गाड्यांचं वजन तंतोतंत सारखं भरलं, तर त्यातली एक गाडी हिशेबातून गायब होईल.

त्यानंतर मी एसक्यूएलच्या प्रती वाचण्याजोग्या करण्यावर दोन रात्री घालवल्या. जँगो एसक्यूएलच्या सिलेक्ट भागात टेबलाचे सगळे रकाने लिहितो, म्हणून शेतकऱ्याच्या टेबलात एक रकाना वाढवला की पन्नास स्नॅपशॉट लाल होतात, आणि पन्नास लाल फाइली कोणीच नीट वाचत नाही. आता मी साध्या रकान्यांची यादी गाळते. जॉइन, वेअर, ग्रुप बाय आणि बेरजा ठेवते. प्रत्येक क्लॉज नव्या ओळीवर. आयडी आणि तारखांच्या जागी ठरलेली खूण. ऑर्डर बाय नसलेली यादी टेस्टमध्ये येऊच देत नाही: आमच्या पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये एखादी ओळ अपडेट केली की तिची नवी आवृत्ती दुसऱ्या जागी लिहिली जाऊ शकते, मग क्रम हलतो आणि टेस्ट उगीच लाल होते. टेस्टही पोस्टग्रेसवरच चालवते, एसक्यूलाइट या दुसऱ्या, हलक्या डेटाबेसवर नाही. पावत्यांच्या पानावर चाळीस पावत्यांसाठी ४१ क्वेरी धावत होत्या, तेही याच प्रतींमुळे दिसलं. जोडलेल्या नोंदी एकाच क्वेरीत आणणारं सिलेक्ट रिलेटेड लावून एक झाली.

आपण कोडला हात न लावताही एसक्यूएल बदलते, हे मला आधीच्या डॉटनेटच्या कामात दिसलं होतं. डॉटनेटचं ओआरएम, एंटिटी फ्रेमवर्क कोअर, आवृत्ती ८ वर गेल्यावर कंटेन्सची (किंमत यादीत आहे का हे बघणारी) क्वेरी एसक्यूएलच्या इनऐवजी ओपनजेसन वापरू लागली, आणि एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसची कम्पॅटिबिलिटी लेव्हल (कोणत्या आवृत्तीसारखं वागायचं ते ठरवणारा आकडा) १३० च्या खाली असेल तर ती चालत नाही. निकालाच्या टेस्ट नव्या सर्व्हरवर हिरव्याच राहिल्या असत्या.

टेस्टमधले शेतकरी आता दिवाणजी काका ठरवतात. मी विचारलं, तुमच्या वहीत त्रास देणारे हिशेब कोणते? त्यांनी एकेक सांगितले. दोन गाड्या सारख्याच वजनाच्या. चुकारा देऊन परत घेतलेला. काल चहा पिता पिता आणखी एक सांगितला: "ज्यानं उचल घेतली अन् कापूस अजून आणलाच नाही, तो टाक."

रात्री वीज आल्यावर टाकला. गाडीच नाही, म्हणून वजनाची बेरीज शून्य न येता नल, म्हणजे 'काहीच नाही', आली, आणि बाकी काढताना वजाबाकी फसली. टेस्ट लाल आहे. नलच्या जागी शून्य धरणारं कोअलेस लावायचंय. लावल्यावर बदललेली एसक्यूएल ओळ न् ओळ वाचेन, मगच अपडेट करेन.