तुम्ही विचारलंत म्हणून: पत्राखालचे गाव

“इतली रद्दी कसाले जमा करस, भो?” हा प्रश्न भुसावळच्या आमच्या घरी येणारा प्रत्येक पाहुणा कधी ना कधी विचारतो. पुण्या-मुंबईचे स्नेही तोच प्रश्न जरा सौम्य करून विचारतात: जुने विज्ञानपट आता मोबाइलवरही पाहायला मिळतात, तर त्यांच्याविषयीची चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीची इंग्रजी मासिके कपाटभर कशासाठी? परवा तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा नीट लिहितो.

चित्रपट टिकतो, पण तो ज्यांनी जीव लावून पाहिला ती माणसे चित्रपटात कुठेच सापडत नाहीत. ती या मासिकांत सापडतात. १९५८ साली अमेरिकेत ‘फेमस मॉन्स्टर्स ऑफ फिल्मलँड’ निघाले, तेव्हा प्रकाशक जेम्स वॉरन आणि संपादक फॉरेस्ट ॲकरमन यांना एकच अंक काढायचा होता. ३५ सेंट किमतीचा तो अंक इतका खपला, की हे नियतकालिक १९८३ पर्यंत निघत राहिले. (‘साय-फाय’ हा शब्द रूढ करण्याचे श्रेयही ॲकरमन यांनाच दिले जाते.) त्याच्या मागच्या पानांवर टपालाने मागवायच्या वस्तूंच्या जाहिराती असत: रबरी मुखवटे, आणि आठ मिलिमीटर फिल्मची छोटी रिळे. व्हिडिओ कॅसेट येण्याआधी आवडता चित्रपट घरी आणायचा म्हणजे त्यातली काही मिनिटे अशा रिळावर विकत घ्यायची.

माझ्याकडच्या एका अंकातले मागणीपत्र कुणीतरी कात्रीने कापून नेले आहे. कापणारा लहान असावा, कारण कड वाकडीतिकडी गेली आहे, आणि त्या चौकोनातून मागच्या पानावरच्या राक्षसाचा एकच डोळा दिसतो. संग्राहकांच्या बाजारात अशा अंकाची किंमत बरीच उतरते. मला मात्र तो फार प्रिय आहे, कारण त्या मुलाने पैसे साठवून काहीतरी मागवले होते आणि पोस्टमनची वाट पाहिली होती, याचा तो चौकोन पुरावा आहे.

वाट पाहणे मलाही ठाऊक होते. मी रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलो. परदेशी विज्ञानपट आमच्या गावापर्यंत पोहोचलेच तर फार उशिरा पोहोचत, त्यामुळे अंतराळयान मी पडद्यावर पाहण्याआधी छापील पानावर पाहिले, तेही रद्दीच्या दुकानात, तराजूच्या पारड्यात पडलेल्या ‘स्टारलॉग’च्या अंकात. १९७६ साली निघालेल्या त्याच्या पहिल्या अंकात ‘स्टार ट्रेक’ या मालिकेवर भर होता, आणि ती मालिका तर १९६९ मध्येच बंद पडली होती. बंद मालिकेवर सात वर्षांनी नवे मासिक उभे राहते, यावरून त्या प्रेक्षकांची माया कळते. १९८० मध्ये ‘सिनेफेक्स’ आले आणि ट्रिकसीन कसे घडतात, यावरच पानेच्या पाने भरू लागली. चित्रपटांतल्या यानांच्या छोट्या प्रतिकृतींच्या पाठीवरची ती गुंतागुंत म्हणजे बाजारात मिळणाऱ्या रणगाड्यांच्या आणि विमानांच्या मॉडेल-किटमधले चिकटवलेले सुटे भाग असत, हे मला अशाच लेखांतून समजले.

सांभाळणे मात्र कठीण. आतला स्वस्त कागद लाकडाच्या लगद्याचा असतो आणि त्यातल्या लिग्निन या लाकडातल्या घटकामुळे तो उजेडाने, उष्णतेने पिवळा पडून ठिसूळ होतो. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, आणि माणसांना सुखावणारा कूलर हवेत ओल सोडत असल्याने पाने फुगतात, पिना गंजतात. म्हणून कपाट कूलर नसलेल्या, उत्तरेकडच्या खोलीत आहे. गंजलेल्या पिना मी बोथट सुरीने उचलून काढतो आणि त्याच भोकांतून सुती दोरा ओवतो.

हे कळण्याआधी एक मोठी चूक झाली. वाचकांच्या पत्रांसाठी जपलेले ‘स्टारलॉग’चे चार अंक मी एका बाइंडिंगवाल्याकडे दिले. त्याने ते एकत्र शिवून, रीतीप्रमाणे तिन्ही बाजूंनी मशीनवर कापून, सुबक खंड करून दिला. त्याच्या दृष्टीने काम चोख होते. कापू नका, हे मीच सांगायला हवे होते. पृष्ठक्रमांक गेले, त्याचे फारसे वाटले नाही. पण एका पानाच्या तळाशी असलेल्या पत्राची शेवटची ओळही गेली. आमच्या गावात असे चित्रपट लागत नाहीत, हे मासिकच माझे थिएटर आहे, अशा अर्थाचे ते पत्र आहे, आणि कापली गेली ती नेमकी पाठवणाऱ्याच्या नावाची आणि गावाची ओळ.

चारपैकी तीन अंक आता न कापलेले मिळाले आहेत. ते पत्र चौथ्यात आहे.