हेल्मरांची बैठकीची खोली, १:२५ : दारं बसली, किल्ल्या राहिल्या

तिन्ही भिंती उभ्या आहेत, चारही दारं बिजागऱ्यांवर फिरतात, शेगडीतला लाल एलईडी लागतो. पियानोचा अजून नुसता ठोकळाच आहे, तो शेवटी.

नव्याने आलेल्यांसाठी: नॉर्वेजियन नाटककार हेन्रिक इब्सेनच्या 'अ डॉल्स हाउस'चं (१८७९) नेपथ्य मी १:२५ मापाच्या, म्हणजे खऱ्याच्या पंचविसाव्या भागाएवढ्या, मॉडेलमध्ये करतेय. तीन अंक, एकच खोली, म्हणून काम सोपं असेल असं वाटतं. तसं नाही, कारण या माणसाने पहिल्याच रंगसूचनेत खोलीची जंत्री देऊन ठेवली आहे. मागच्या भिंतीत उजवीकडे बाहेरच्या पॅसेजचं दार, डावीकडे हेल्मरच्या अभ्यासिकेचं, मध्ये पियानो. डाव्या भिंतीत एक दार, त्याच्या पुढे खिडकी, खिडकीपाशी गोल टेबल आणि छोटा सोफा. उजव्या भिंतीत चौथं दार, त्याच्या पुढे चिनी मातीची उभी शेगडी, तिच्यासमोर आरामखुर्च्या आणि एक झुलती खुर्ची. भिंतीवर छापचित्रं, शोभेच्या वस्तूंची मांडणी, भारी बांधणीच्या पुस्तकांचं लहानसं कपाट. मापं तेवढी दिलेली नाहीत, ती मी ठरवली. खोली सहा मीटर बाय पाच, म्हणजे आपल्याकडे २४ बाय २० सेंटिमीटर. दाराची उंची ८.४ सेंटिमीटर. भिंती पाच मिलिमीटरच्या फोमबोर्डच्या, दारं बाल्सा या हलक्या लाकडाची, शेगडीच्या टाइल्स पोस्टकार्डाच्या जाडीच्या कागदातून कापलेल्या, वर दोन हात वॉर्निश.

दारं बसवताना प्रत अंक-अंक करून पुन्हा वाचली आणि कोण कुठल्या दाराने येतं-जातं ते पेन्सिलीने मांडत गेले. हे प्रत्येकाने आपापल्या नाटकाचं करून बघावं. नेपथ्याच्या आराखड्यातून नाटक वेगळंच दिसतं.

अभ्यासिकेचं दार हेल्मरच्या मर्जीने उघडतं. त्याची बायको नोरा पडदा उघडल्यावर लगेच त्या दाराशी जाऊन कान देते, नवरा घरात आहे ना याची खात्री करते. चोरून आणलेले मॅकरून खाते, पुडी खिशात घालते, तोंड पुसते आणि मगच त्याला हाक मारते. तो मात्र लेखणी कानामागे असल्यासारखा केव्हाही बाहेर येतो, 'माझी चंडोल' म्हणतो, पैशांवरून दोन शब्द ऐकवतो, परत आत जातो. तिला घरात लिहायला टेबल आहे का? जंत्रीत तरी नाही. नवऱ्याला न सांगता काढलेलं कर्ज फेडायला तिने हिवाळ्यात कागद नकलून द्यायचं काम घेतलं होतं, रोज रात्री उशिरापर्यंत स्वतःला कोंडून घेऊन लिहीत बसायची. घरच्यांना वाटायचं, नाताळच्या झाडासाठी कागदी फुलं करतेय. हे सगळं ती मैत्रिणीला, क्रिस्तिना लिंडेला, सांगते तेव्हा म्हणते की दमायला व्हायचं, पण असं बसून पैसे मिळवण्यात मजा होती, जवळजवळ पुरुष असल्यासारखं वाटायचं. ते लिहिणं ज्या जागेत झालं ती माझ्या चोवीस सेंटिमीटरांत कुठेच येत नाही.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला टपालपेटीने. ती पॅसेजमध्ये बाहेरच्या दाराला आहे, पेटीला काच आहे, आणि किल्ली एकट्या हेल्मरकडे. दुसऱ्या अंकात तिला कर्ज देणाऱ्या क्रोगस्टाडचं, तिचं गुपित फोडणारं पत्र त्यात पडतं, काचेतून दिसतं, आणि नोराला हात लावता येत नाही. तारांतेला या इटालियन नृत्याचा तो बेभान नाच अख्खा याच्यासाठी आहे, नवऱ्याने पेटी उघडायला जाऊ नये म्हणून. म्हणून मी मागे पाच सेंटिमीटर खोल पॅसेज जोडला, पेटी कार्डातून केली, काचेसाठी पारदर्शक ओएचपी शीटचा तुकडा घातला. आत क्रोगस्टाडचं पत्र आहे आणि घरचे मित्र डॉ. रांक यांचं काळी फुली काढलेलं व्हिजिटिंग कार्डही, ३.६ बाय २ मिलिमीटर. तिसऱ्या अंकात हेल्मरला कुलपात तुटलेली केसांची पिन सापडते. नोरा म्हणते, मुलांचं काम असेल. ही पिन वायरच्या एका तंतूची केली आहे. भिंगाशिवाय दिसत नाही, पण आपल्यातल्या कुणाला हे समजावून सांगायला नको.

या पेटीमागे कायदा उभा आहे. नवऱ्याच्या संमतीशिवाय बायकोला कर्ज घेता येत नाही, असं लिंडेबाई पहिल्याच अंकात बोलून दाखवते. आजारी नवऱ्याला इटलीला न्यायला नोराने बाराशे स्पेसीडालर, म्हणजे ४८०० क्रोनर उचललेत, आणि जामीन म्हणून वडिलांची सही स्वतःच केली आहे. वडील वारले २९ सप्टेंबरला, सहीखाली तारीख २ ऑक्टोबर. क्रोगस्टाड वकील आहे, तो ही तारीख कशी सोडेल! इब्सेनला हे सुचलं ते ओळखीच्याच घरातून. लॉरा कीलर या तरुण लेखिकेने क्षयी नवऱ्यासाठी असंच गुपचूप कर्ज काढलं, ते अंगाशी आलं आणि नवऱ्याने तिला वेड्यांच्या इस्पितळात घातलं. तिला दार आपटून जाणं जमलं नाही, ती पुढे त्याच नवऱ्याकडे परतली. नाटकातली नोरा गाजली तेव्हा लोक लॉराकडे बोट दाखवायला लागले, आणि इब्सेनने तिच्या बाजूने जाहीरपणे तोंड उघडायला हवं होतं असं माझं स्पष्ट मत आहे. १८९८ मध्ये स्त्रियांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या मेजवानीत त्याने, मी जाणूनबुजून या चळवळीसाठी काम केलेलं नाही, असं सांगून टाकलं. पण १८८४ मध्ये विवाहित स्त्रीची मिळकत वेगळी असावी या मागणीच्या अर्जावर ब्यॉर्नसन, ली आणि किलँड या नॉर्वेजियन लेखकांबरोबर याचीही सही आहे. नॉर्वेत तसा कायदा १८८८ मध्ये आला.

आता शेवट. सगळे म्हणतात, नोरा दार आपटून जाते. कुठलं दार? ती पॅसेजच्या दाराने जाते हे खरं, पण शेवटच्या रंगसूचनेत आवाज येतो खालून, इमारतीचा दरवाजा बंद झाल्याचा. वरच्या मजल्यावर नाच चाललेला होता, म्हणजे बिऱ्हाड मधल्या मजल्यावर आहे. जिना आणि रस्त्यावरचा दरवाजा नेपथ्यात कुठेच नाहीत. चार दारांपैकी एकही आपटत नाही. ज्या दाराचा आवाज १८७९ च्या २१ डिसेंबरला कोपनहेगनच्या रॉयल थिएटरात पहिल्यांदा ऐकू आला, ते दार प्रेक्षकाने कधी पाहिलेलंच नाही.

याउलट जर्मनीतला शेवट बघा. हेडविग नीमान-राबे ही नटी म्हणाली, मी माझी मुलं कधी सोडणार नाही, तेव्हा हा शेवट मी करणार नाही. दुसऱ्या कुणी वाटेल तसा शेवट जोडण्यापेक्षा आपणच लिहावा म्हणून इब्सेनने १८८० मध्ये दुसरा लिहिला आणि स्वतःच त्याला रानटी अत्याचार म्हटलं. त्यात हेल्मर तिला मुलांच्या खोलीच्या दाराशी ओढत नेतो आणि ती तिथेच खाली कोसळते. तो शेवट माझ्या मॉडेलमध्ये आरामात बसतो, कारण ते दार खोलीच्या आतलंच आहे. मूळ शेवट मात्र मॉडेलमध्ये मावत नाही.

म्हणून खालची पायाची पेटी पोकळ ठेवली आहे. आत सागाची एक पट्टी बिजागरीवर, तिला तार, तार मागच्या बाजूने बाहेर. ओढली की पट्टी लाकडावर आदळते आणि आवाज जमिनीखालून येतो. पहिल्या चाचणीत टेबलावरची ब्रशची बरणी हलली, म्हणजे जोर पुरेसा आहे. पायरी किंवा जिना दाखवायचा मोह आवरला आहे.

मराठी रंगभूमीवर बंदिस्त, दारं-खिडक्यांच्या भिंतींचं घर ठसठशीतपणे आलं ते 'आंधळ्यांची शाळा'मधून, नाट्यमन्वंतर या नाट्यसंस्थेने १९३३ मध्ये केलं ते. ते ब्यॉर्नसनच्या 'हातमोजा'वरून (१८८३) घेतलेलं. त्यात लग्नाआधीचं चारित्र्य फक्त मुलीलाच का विचारायचं हा प्रश्न आहे आणि नायिका होणाऱ्या नवऱ्याच्या तोंडावर हातमोजा फेकते. खुद्द नोराचं 'घरकुल' अनंत काणेकरांनी १९४१ मध्ये बांधलं. म्हणजे नॉर्वेच्या लग्नांच्या गोष्टींबरोबर त्या लग्नांच्या खोल्याही आपल्याकडे आल्या. 'आंधळ्यांची शाळा'चं नेपथ्य मापात करायची फार इच्छा आहे, कुणाकडे प्रयोगाची छायाचित्रं असतील तर कळवा.

प्रकाशाचं थोडं. पहिल्या अंकात खिडकीतून हिवाळी पांढरा उजेड. दुसऱ्यात तो हळूहळू उतरवायचा, कारण अंधारू लागतं तेव्हा रांक नोरावरचं प्रेम बोलून दाखवतो आणि ती तडक उठून मोलकरणीला दिवा आणायला सांगते. त्या दिव्याला वेगळी वायर लागेल, डिमर एकच पुरणार नाही. तिसऱ्या अंकात फक्त गोल टेबलावरचा दिवा, आणि टेबल खोलीच्या मध्यभागी सरकवलेलं. त्यामुळे गालिचा चिकटवलेला नाही, फर्निचर सगळं सुटं आहे. दुसऱ्या अंकातलं ओरबाडलेलं नाताळचं झाड वेगळं होईल, जळून गेलेल्या मेणबत्त्यांसकट.

राहिल्या किल्ल्या. जाताना नोरा घराच्या किल्ल्या ठेवून जाते, अंगठी परत करते, त्याचीही मागून घेते. आठ सेंटिमीटरची किल्ली म्हणजे इथे ३.२ मिलिमीटर, आणि जुडगा तर पाहिजेच. पितळी तार ठोकून चपटी केली, दाते काढताना तुटते. कुणी जुन्या मनगटी घड्याळांच्या सुट्या भागांतून असं काही केलं असेल तर कुठला भाग वापरला ते लिहा.