कुठवर आलं?

दुपारी चारला भिंतीसमोर उभी राहिले आणि पेन्सिल सापडेना. वाण्याच्या दुकानात असते तशी ती स्वयंपाकघराच्या दाराशी, कॅलेंडरच्या खिळ्याला दोऱ्याने बांधून ठेवलेली असते. दोरा जागेवर, पेन्सिल गायब.

पेन्सिल लागते खुणा करायला. माझा उजवा खांदा आखडलाय. फ्रोझन शोल्डर. (शेजारच्या काकू 'फ्रीजर शोल्डर' म्हणतात, आणि मला तेच जास्त पटतं.) फिजिओथेरपिस्ट मुलगी माझ्या लेकीच्या वयाची. म्हणाली, "काकू, भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं आणि बोटं मुंगीसारखी वर चालवायची. ताण जाणवला की थांबायचं, दहा आकडे मोजायचे, सावकाश खाली. खांदा कानाकडे उचलायचा नाही हं, ती चोरी."

चोरी! खांदा उचलला की बोटं दोन इंच वर जातात, कंबर मागे वाकवली की आणखी एक, आणि टाचा उचलल्या तर विचारूच नका. मी तिन्ही करून पाहिलंय. त्या दिवसांच्या रेघा भिंतीवर अजून आहेत, बाकीच्यांपेक्षा उगाच उंच, आणि त्यांच्याकडे बघताना मला शाळेत गणिताचं उत्तर शेजारणीचं पाहून लिहिल्यासारखं वाटतं.

संध्याकाळी हे घरी आले की चपला काढता काढता विचारतात, "कुठवर आलं?" मी सांगते, "कमरेच्या वर. छातीला लागायचंय." बाहेरच्या माणसाला वाटेल या घरात काहीतरी बिनसलंय. नाशिककराला सांगावं लागत नाही. ऑगस्टात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की आम्ही आकडे ऐकत नाही, गोदावरीच्या पात्रातली दुतोंड्या मारुतीची मूर्ती कुठवर बुडाली ते विचारतो. गुडघ्याला, कमरेला, छातीला, गळ्याला. लहानपणी बाबा मला होळकर पुलावर पूर दाखवायला न्यायचे. गर्दीत मला काही दिसायचं नाही, मग ते खांद्यावर घ्यायचे. गढूळ पाणी, वाहून येणारी झाडं, आणि मधोमध तो मारुती, दोन्हीकडे तोंडं करून निवांत उभा. मला वाटायचं तो पाण्यात उतरलाय आणि हळूहळू खाली बसतोय. गळ्याला पाणी लागलं की मी डोळे मिटून घ्यायची. आता खांद्यावर तीस किलोचं पोर घेऊन तासभर उभं राहायचं म्हणजे काय, हे मला कळतं. तेव्हा फक्त उंची कळत होती.

भिंतीनंतर दुसरा व्यायाम. डावा हात टेबलाला टेकवून वाकायचं आणि दुखरा हात सोडून द्यायचा, नारोशंकराच्या देवळातल्या घंटेच्या लोलकासारखा. हात हलवायचा नाही. अंग डोलवलं की तो आपोआप डोलतो. हा मला अजिबात जमत नाही. मी मुळात घट्ट पिळणारी बाई. नळ, बरणीची झाकणं, साडीच्या निऱ्या, सगळं आवळून. (लोणच्याची बरणी मीच लावलेली, आता मलाच उघडत नाही.) हात सैल सोड म्हटलं की तो जास्तच ताठ होतो. या व्यायामाला कॉडमन नावाच्या अमेरिकन सर्जनचं नाव आहे. १९३४ साली 'फ्रोझन शोल्डर' हे नाव देणाराही तोच. त्यानेच लिहून ठेवलंय की या दुखण्याची व्याख्या अवघड, उपचार अवघड आणि ते का होतं हे सांगणंही अवघड. वाचून मला फार बरं वाटलं. निदान कुणीतरी खरं बोललं.

चाळिशी ते साठीतल्या बायकांना हे जास्त होतं, मधुमेह असला तर आणखी. माझी साखर तपासली, निघाली काठावर. वर डॉक्टर म्हणाले, वर्ष दीड वर्ष लागेल, कधी जास्तही, पण बहुतेकांचा सुटतो. "आपोआप?" मी विचारलं. "व्यायाम सोडू नका," एवढंच म्हणाले.

आपोआपवरून आजी आठवली. रविवार कारंज्याजवळच्या वाड्यात आमचं स्वयंपाकघर फळ्यांचं होतं. सगळ्यात वरच्या फळीवर लाडवांचा पितळी डबा, मुलांपासून लांब ठेवलेला. एका वर्षी तो डबा खाली आला. आधी मधल्या फळीवर, मग चुलीशेजारच्या कट्ट्यावर, आमच्या नाकाच्या रेषेत. कुणी विचारलं नाही की का. आम्हाला तर लॉटरीच लागली. आजी त्याच सुमाराला माझ्या आईकडून अंबाडा घालून घ्यायला लागली, "हात मेला वर जात नाही," एवढंच कधीतरी म्हणाली. ना डॉक्टर, ना मुंगी, ना लोलक. आम्ही आपले लाडू खात होतो आणि ती बघूनही न बघितल्यासारखं करत होती. मग पुढच्या की त्याच्या पुढच्या दिवाळीला डबा परत वरच्या फळीवर गेला. आम्ही तिघं भावंडं अक्षरशः रडलो. आजीने चोळीची गाठ बांधावी तितक्या सहज तो वर ठेवला होता.

पेन्सिल सापडली, फ्रीजखाली. दोऱ्याची गाठ मीच बांधलेली, म्हणजे घट्टच असणार. कशी सुटली कोण जाणे. डाव्या हाताने काढली, बोटं चालवली, रेघ मारली. कालच्याच जागी. चोरी न करता, हेही नसे थोडके.

आमचा लाडवांचा डबा सध्या ओट्यावरच असतो. लेक पुण्याला, घरात आम्ही दोघंच. कुणी पळवत नाही.