घरट्यावरचा वेबकॅम, नोंद तिसरी: बंद पडायची कारणं एक नाही, दोन निघाली

मंडळी, मागच्या वेळी सांगितलं तसं चिमण्यांची पेटी खिडकीबाहेर बसवली, जोडी आली, गवत पिसं कापूस सगळं भरून झालं आणि आता आत चार अंडी आहेत. पेटी झकास आहे, त्रास कॅमेऱ्याचा आहे. साधा यूएसबी वेबकॅम, हॉलमधल्या पीसीला लावलेला, पीसीवर लिनक्स. कधी दिवसभर सुरळीत चालतो तर कधी दहा मिनिटांत चित्र गोठतं ते गोठतंच. चिमणीची अंडी साधारण 11 ते 14 दिवसांत फुटतात, ते रेकॉर्डिंग हुकलं तर पुढची वीण लागेपर्यंत वाट बघायची, म्हणून गेला आख्खा आठवडा ऑफिसमधून आलो की हेच करत बसलोय.

पहिला संशय शेजारच्या यंत्रमागावर. आमचं घर सोलापुरातल्या अशोक चौकाच्या बाजूला, भिंतीपलीकडे यंत्रमाग, मोटर चालू झाली की ट्यूबलाइट जरा मिणमिणते, त्यामुळे कॅमेरापण त्यानंच जातोय असं मला पक्कं वाटत होतं. एका वहीत दोन रकाने केले, माग कधी सुरू-बंद झाला आणि कॅमेरा कधी गेला. चार दिवसांत वेळा कुठेच जुळल्या नाहीत, वर कारखान्याला सुट्टी होती त्या दिवशीपण कॅमेरा तीनदा गेला. मग मागाचा विषय सोडला. पण वही चालू ठेवली आणि तीच पुढे कामाला आली.

आता मुद्द्याचं. टर्मिनलमध्ये डीमेसेज ही कमांड लावून ठेवली, म्हणजे कर्नल (लिनक्सचा गाभा) काय म्हणतोय ते तिथल्या तिथे दिसतं. वहीतल्या वेळा आणि हे मेसेज शेजारी ठेवून बघितले तेव्हा कळलं की चित्र गोठलेलं दिसतं सारखंच, पण आत दोन वेगळ्या गोष्टी होतायत. दर पाच मिनिटांनी एक फोटो काढायची स्क्रिप्ट चालू असली की उणे 110 चा एरर, म्हणजे टाइमआउट, कॅमेऱ्यानं उत्तरच दिलं नाही. सलग रेकॉर्डिंग चालू असताना मात्र उणे 71, म्हणजे प्रोटोकॉल एरर, वायरीवरचं बोलणंच बिघडलं, आणि त्याच्यामागोमाग यूएसबी डिस्कनेक्ट. मग कॅमेरा आपोआप परत जोडला जातो पण नवा डिव्हाइस नंबर घेऊन, आणि रेकॉर्डिंगच्या प्रोग्रॅमनं जुनं व्हिडिओ झीरो (लिनक्सनं कॅमेऱ्याला दिलेलं नाव) धरून ठेवलेलं असतं म्हणून कॅमेरा परत येतो व्हिडिओ टू म्हणून, प्रोग्रॅम आपला जुन्याच नावाकडे बघत बसतो. म्हणून कॅमेरा जिवंत असून चित्र मेलेलं दिसायचं.

पहिल्याचा उलगडा लवकर झाला. दोन फोटोंच्या मधे कॅमेरा रिकामा असतो, आणि ऑटोसस्पेंड, म्हणजे वीज वाचवायची सोय, चालू असेल तर लिनक्स रिकाम्या यूएसबी डिव्हाइसला 2 सेकंदांत झोपवतो (हा डीफॉल्ट आकडा आहे). काही कॅमेरे या झोपेतून नीट उठत नाहीत, माझा त्यातलाच. त्या डिव्हाइसच्या पॉवर कंट्रोलमध्ये ऑटोच्या जागी ऑन केलं, रीबूटनंतरपण राहावं म्हणून यूडेव्हचा (डिव्हाइस जोडलं की सेटिंग लावणारा लिनक्सचा भाग) नियम लिहिला, त्यानंतर उणे 110 एकदाही आला नाही. विंडोजवाल्यांनी पॉवर ऑप्शन्समधलं यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करून बघा, गोष्ट तीच आहे.

दुसऱ्यानं मात्र लई दमवलं. मी ड्रायव्हर, फॉरमॅट, फ्रेमरेट सगळं चाळून झालो, आणि हे शोधलं कुणी तर आईनं. ती स्वयंपाकघरातून म्हणाली, "अरे, खिडकी सरकवली की तुझं ते चिमणीचं बंद पडतंय बघ." मी वही काढली. सकाळी सहाच्या सुमाराला, दुपारी ऊन आत यायला लागलं की, आणि संध्याकाळी. बरोबर खिडकी उघडायच्या-लावायच्या वेळा!

तीन मीटरची एक्स्टेन्शन वायर मी सरकत्या खिडकीच्या पट्टीतून घेतली होती आणि काच दरवेळी तिच्यावर दाबत होती. वायर काढून बघितली तर एके जागी चपटी झालेली. नवी पेठेतल्या रिपेअरिंगवाल्या मित्राला दाखवली, तो बघताक्षणी म्हणाला, "काय करूलालास बे, एवढ्या बारीक वायरवर कॅमेरा?" त्याच्याकडचा यूएसबी टेस्टर घरी आणला आणि कॅमेरा चालू ठेवून मोजलं. पीसीच्या मागच्या पोर्टला 5.08 व्होल्ट, पुढच्या पॅनलला 4.96, आणि वायरच्या टोकाला फक्त 4.58. हिशोबपण बसतो, 28 गेजच्या (गेज म्हणजे तारेच्या जाडीचं माप) तांब्याच्या तारेला मीटरमागे साधारण 0.21 ओहम, करंट जातो तसा परतपण येतो म्हणून तीनचे सहा मीटर धरायचे, म्हणजे सव्वा ओहम, पाव अँपिअरला तीन दशांश व्होल्ट तिथेच गेले, उरलेले जोडांमध्ये. शिवाय यूएसबी 2.0 ची केबल 5 मीटरपर्यंतच धरतात, आणि कॅमेऱ्याची दीड, ही तीन, कॅबिनेटच्या आतली अर्धा, म्हणजे मी अगदी काठावर होतो.

एक्स्टेन्शन काढूनच टाकली. कॅबिनेट खिडकीखाली आणलं, चौकटीच्या कोपऱ्यात छोटं भोक पाडलं, कॅमेऱ्याची स्वतःची वायर त्यातून थेट मागच्या पोर्टला. ज्यांना लांबच न्यायचंय त्यांनी स्वतःचा अडॅप्टर असलेला यूएसबी हब (एका पोर्टचे अनेक करणारा डबा) घ्या, आणि वायर जाड घ्या.

वाटेत सापडलेलं अजून थोडं. माझा प्रोग्रॅम न विचारता वायूवायव्ही फॉरमॅट घेत होता, म्हणजे न दाबलेलं कच्चं चित्र. 720 पी ला 30 फ्रेमचा तो डेटा सेकंदाला 55 एमबी होतो आणि यूएसबी 2.0 वर अशा कॅमेऱ्याला जास्तीत जास्त 24 च्या आसपास मिळतात, म्हणून 10 फ्रेमच यायच्या. एमजेपेग (प्रत्येक फ्रेम दाबून पाठवणारा फॉरमॅट) निवडलं की 30 येतात. पेटीत अंधार असल्यामुळे ऑटो एक्स्पोजर पुन्हा फ्रेम कमी करत होतं, ते डायनॅमिक फ्रेमरेट बंद केलं, चित्र जरा काळपट झालं तरी चालेल, पेटीत दिवा मी लावणार नाही, पाखरांना त्रास नको. आणि उणे 28 आला, नो स्पेस लेफ्ट असं म्हणाला, तर हार्डडिस्क तपासू नका, तो यूएसबीच्या बँडविड्थबद्दल, म्हणजे डेटा न्यायच्या जागेबद्दल, बोलत असतो. एकाच बसवर (एकाच यूएसबी मार्गावर) दोन कॅमेरे लावले की बऱ्याचदा येतो.

आज चौथा दिवस, सलग रेकॉर्डिंग, एकदाही डिस्कनेक्ट नाही, खिडकी मुद्दाम वीस वेळा सरकवून बघितली. आता उन्हाचं बघायचंय. आपल्याकडे पारा 42 च्या पुढे जातो आणि कॅमेरा दुपारी दोननंतर उन्हात येतोय, त्याच्यावर पांढऱ्या पुठ्ठ्याची झापड करतोय, पण मादी बाहेर गेल्याशिवाय पेटीजवळ हात न्यायचा नाही, म्हणून उद्या पहाटेपर्यंत थांबलोय.