धरण सरकारी, फाटक खासगी

नाशिकचे पहिले दोन दिवस त्र्यंबकेश्वरची रांग आणि मिसळ यांत गेले. लिहायचंय ते गंगापूर धरणाच्या फुगवट्याबद्दल.

गंगापूर रोड सोडून पाण्याकडे वळलं की तारेची कुंपणं सुरू होतात. एका कच्च्या रस्त्यावर तर फाटक, कुलूप आणि 'खासगी मालमत्ता' अशी पाटी. आत 'लेक व्ह्यू'च्या खोल्या, बाहेर म्हशी घेऊन ताटकळलेले गावकरी. पाणी धरणाचं आणि ते बघायचं भाडं यांना! डोकंच फिरलं.

गावकरी मात्र आता फाटकाशी भांडत बसत नाहीत, कागद काढतात. आधी भूमी अभिलेख कार्यालयातून गाव नकाशाची नक्कल. त्यावर दुहेरी तुटक रेघ म्हणजे गाडीरस्ता, साडेसोळा ते एकवीस फूट रुंद. एकेरी तुटक रेघ म्हणजे पायमार्ग, सव्वाआठ फूट. फाटक रेघेवरच असेल तर त्या गटाचा सातबारा कुणाच्याही नावावर असो, रस्ता बंद करता येत नाही. मग मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906, कलम 5 खाली तहसीलदारांकडे दावा. शेतात जायची वहिवाट अडवली तर ते अडथळा काढायला लावू शकतात. दावा जमीन कसणाऱ्याच्याच नावाने हवा, आणि अडवणूक झाल्यापासून सहा महिन्यांत. बहुतेक जण हरतात ते इथेच: दिवाळीत फाटक लागतं, 'शेटशी बोलून घेऊ' म्हणता म्हणता आखाजी (अक्षय्य तृतीया) येते.

दुसरी फसगत पाणथळ नियमांची. 2017च्या नियमांत पाणथळ जागेच्या पूरपातळीपासून 50 मीटरच्या आत पक्क्या बांधकामाला बंदी आहे. वाचून हुरूप येतो, पण पिण्याच्या पाण्यासाठी किंवा सिंचनासाठी बांधलेले जलाशय त्या व्याख्येतून वगळलेत, त्यामुळे गंगापूरच्या अर्जात हे कलम टाकलं की अर्जच लंगडा होतो. निफाड तालुक्यातलं नांदूरमध्यमेश्वर पक्षी अभयारण्यही बंधाऱ्यामुळेच तयार झालेलं, पण ते राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून तिथे हेच नियम चालतात. (तिथे जायचं तर थंडीत, भल्या पहाटे. रविवारी मनोऱ्यावर पक्ष्यांपेक्षा सेल्फीवाले जास्त.)

गंगापूरला खरा आधार धरणासाठी झालेल्या भूसंपादनाच्या नकाशाचा. बुडीत क्षेत्र जलसंपदा विभागाच्या ताब्यातलं. पाणी ओसरलं की उघडी पडणारी गाळाची जमीन गाळपेरीसाठी, म्हणजे त्या गाळात पीक घ्यायला, हंगामापुरती भाड्याने मिळते, लॉन आणि तंबूंसाठी नव्हे. पण पाणी जसं मागे हटतं तसे कुंपणाचे खांबही खाली उतरतात, आणि पुढच्या वर्षी तेच 'पूर्वापार' ठरतात. म्हणून फोटो मे महिन्यात काढायचे, एकाच चौकटीत संपादन हद्दीचा दगड आणि त्याच्या पाण्याकडच्या बाजूचा खांब, तारीख आणि अक्षांश-रेखांशासह. फोटोंना ग्रामसभेचा ठराव जोडायचा, त्यात गट क्रमांक हवेतच. 'धरणाजवळची जागा' एवढ्यावर कुणी दखल घेत नाही. सरकारी जमिनीची मोजणी गावकऱ्याला मागता येत नाही, म्हणून ती विभागाने मागावी असा अर्ज कार्यकारी अभियंत्यांकडे द्यायचा आणि पोच घ्यायची. सगळं पाऊस पडायच्या आत. जुलैपर्यंत रेंगाळलं तर निम्मं कुंपण पाण्याखाली, आणि मोजणीदार धरण बघून परत जातो.