दार काढलं तेव्हा

मंगळवार, रात्र

ओलाव्याने फुगलेलं पुढचं दार आज सुताराने बिजागऱ्यांतून काढलं आणि रंधा मारायला भिंतीशी आडवं टेकवलं. काम थोडक्यातच उरकलं, पण तेवढा वेळ घराला दार नव्हतं. चौकट होती, उंबरठा होता, मधे नुसती हवा. मला एका जागी बसवेना. चोरीची भीती म्हणावी तर भर दुपार, सगळे घरातच. तरी काहीतरी उघडं पडल्यासारखं वाटत राहिलं. एरवी आमचं दार दिवसभर सताड उघडंच असतं, त्याचं कधी काही वाटत नाही. पण ते आम्ही उघडं ठेवलेलं असतं. दारच नसलं की ठेवायचं काय आणि लावायचं काय!

इतकी वर्षं ज्यातून ये-जा केली ते दार आज पहिल्यांदा नीट पाहिलं. कडीभोवतीचा रंग उडून खालचं लाकूड गुळगुळीत झालंय, ते बोटांनी. खालच्या कोपऱ्यात ओरखडे आहेत, हातात सामान असलं की पायाने ढकलायच्या सवयीचे. आतल्या बाजूला, सोडलेली कडी झुलून झुलून लाकडात एक बारीक अर्धवर्तुळ कोरलं गेलंय. बाहेरच्या कडीपाशी तसं काहीच नाही. बाहेरून कडी लावायची वेळच फारशी येत नाही.

दार आतून लावायचं आणि आतूनच उघडायचं असतं, हे पाहताना मुक्ताबाई आठवली. ज्ञानेश्वर ताटी लावून आत बसले आणि धाकटी बहीण बाहेर उभी राहून विनवत राहिली, ही गोष्ट आपल्याला लहानपणापासून ठाऊक असते. आज मात्र एक वेगळीच गोष्ट जाणवली. ताटी म्हणजे कामट्यांचा साधा आडोसा. हाताने सारली असती तर बाजूला झाली असती. ती सारत नाही, बोलत राहते. आतला माणूस स्वतः उठून उघडेल तरच त्या उघडण्याला अर्थ आहे, हे त्या लहानग्या मुलीला कळलेलं होतं. रुसलेल्या माणसाच्या खोलीबाहेर जो कधी ताटकळला असेल, त्याला यातलं बळ कळेल.

लावलेल्या दाराबद्दल उगाच वाईट बोललं जातं, असं मला वाटतं. प्राचीन रोममध्ये जेनस हा दारांचा आणि आरंभाचा देव. एक तोंड पुढे, एक मागे. युद्ध चालू असेपर्यंत त्याच्या देवळाची दारं उघडी राहायची आणि सगळीकडे शांतता झाली तरच लावली जायची. तसा योग फार क्वचित यायचा. आपल्या राजवटीत ती तीनदा लावण्याचा ठराव झाला, हे सम्राट ऑगस्टसने आपल्या कामगिरीच्या जमाखर्चात मुद्दाम नोंदवून ठेवलंय. तिथे बंद दार हीच आनंदाची बातमी होती.

आणि इजिप्तच्या जुन्या थडग्यांमधली ती खोटी दारं! दगडात चौकट कोरलेली, झडपेच्या जागीही दगडच. जिवंत माणसाला तिथून एक पाऊल पुढे टाकता येत नाही. पण मृताचा आत्मा त्यातूनच ये-जा करतो अशी श्रद्धा होती, म्हणून जेवणाचा नैवेद्य त्या दारासमोर ठेवायचे. कुणी येईल ही आशा भिंतीसमोर धरता येत नाही. त्यासाठी दाराचा आकार तरी लागतो.

खिडकीकडे वळलं की मन सैल होतं. दाराशी उभं राहिलं की आत की बाहेर, घ्यायचं की नाही, असं काहीतरी ठरवावं लागतं. खिडकीशी काहीच ठरवावं लागत नाही. नुसतं उभं राहायची मुभा असलेली घरातली ती एकच जागा. म्हणून खिडकी म्हणजे चैन, असं कुणी समजत असेल तर ते मला पटत नाही. इंग्लंडमध्ये 1696 साली खिडक्यांवर कर बसला. कर वाचवायला लोकांनी खिडक्या विटांनी बुजवल्या, आणि तो कर उठायला 1851 साल उजाडलं. दीडशे वर्षं उजेडाला दाम मोजावा लागला, आणि ज्यांना तो परवडत नव्हता ते अंधाऱ्या, कोंदट खोल्यांत आजारी पडत राहिले.

कॅमेऱ्याने टिपलेलं, आज टिकून असलेलं सगळ्यांत जुनं छायाचित्रही खिडकीतूनच घेतलेलं आहे. फ्रान्समधल्या आपल्या घराच्या वरच्या खिडकीत निएप्स नावाच्या संशोधकाने 1826-27 च्या सुमारास डांबराचा थर दिलेला धातूचा पत्रा कॅमेऱ्यात बसवला आणि कित्येक तास उजेड खाऊ दिला. चित्रात आहे काय? शेजारची छपरं, एक झाड, थोडं आकाश. मला हे फार आवडतं. टिपायला सगळं जग पडलेलं असताना त्या माणसाने आपल्या खिडकीतून रोज दिसणारंच टिपलं.

पण आज मनात घोळतंय ते रॉजर उलरिक यांचं 1984 मधलं संशोधन. पेन्सिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या जुन्या नोंदी त्यांनी काढल्या आणि वय, प्रकृती वगैरे जुळवून 23 जोड्या लावल्या. जोडीतल्या एकाच्या खिडकीतून झाडं दिसत होती, दुसऱ्याच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडं दिसणारे सरासरीने लवकर घरी गेले. त्यांना वेदनाशामकांचे जबर डोस कमी लागले आणि परिचारिकांच्या नोंदींत त्यांच्याविषयीचे तक्रारीचे शेरेही कमी होते. रुग्ण मोजकेच होते, हे खरं. पण भिंत दिसणाऱ्यांनाही खिडकी होतीच की! खिडकीच्या पलीकडे काय आहे, त्यानेच फरक पडला.

आईचा पाय प्लास्टरमध्ये आहे आणि तिचं डोकं खिडकीकडे, तोंड कपाटाकडे. पंख्याचा वारा नीट लागावा म्हणून पलंग आम्हीच तसा लावलाय. चिडचिड वाढलीय तिची, आणि आम्ही ती दुखण्याच्या खाती मांडतोय. खिडकीबाहेर चांगलं डेरेदार झाड आहे. सुतार उद्या कडी बसवायला येणार आहे, तेव्हा त्याला हाताशी घेऊन कपाट हलवायचं आणि पलंग फिरवायचा. वाऱ्यासाठी टेबलफॅन लावता येईल.